सात टॅग लावले, तरी पेन्शन अडकलं

ताई, नमस्कार.

मी ४१ वर्षांची. वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ सासरच्या जुन्या घरात राहते. मकरपुऱ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते. घरी सासरे, म्हणजे आबा, वय ७८, रेल्वेतून निवृत्त. मुलगी दहावीत. मिस्टर हालोलला नोकरीला. सकाळी सातला निघतात ते रात्री आठला येतात. शिवाय गल्लीतल्या गणपती मंडळाचा हिशोब माझ्याकडे. सगळं लक्षात राहावं म्हणून दीड वर्षापासून टूडूइस्ट हे कामांच्या याद्यांचं ॲप वापरते. कामांना टॅग लावायची सवय लागली आणि आता ६४ टॅग झालेत. काम लिहिताना कोणते टॅग लावायचे यातच वेळ जातो, आणि शोधायला गेलं की नेमकं हवं ते सापडत नाही. गेल्या नोव्हेंबरात आबांचा हयातीचा दाखला द्यायचा होता. त्या कामाला मी सात टॅग लावले होते: आबा, पेन्शन, बँक, कागदपत्रं, महत्त्वाचं, नोव्हेंबर, घर. तरी राहिलं. पेन्शन अडकलं. आबा काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं. मिस्टर म्हणाले, "तू कामं करण्यापेक्षा कामांच्या याद्याच सजवत बसतेस." टॅग किती असावेत? टॅगमध्ये काय ठेवायचं आणि प्रोजेक्टमध्ये काय? सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू का? टॅगच्या यादीचा आणि त्या कामाचा स्क्रीनशॉट सोबत पाठवते.

ता. क.: पूर्ण झालेल्या बऱ्याच जुन्या कामांना टॅग नाहीत. तेही लावून घेऊ का?

यादीत हरवलेली, वडोदरा

*

आबा काही बोलले नाहीत, हे तुम्ही लिहिलंत ना, तिथे मी थांबले. रागावले असते तर विषय तिथेच मिटला असता. न बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं गप्प बसणं फार दिवस पुरतं. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी त्या एकाच कामाकडे बघू.

स्क्रीनशॉटमध्ये "आबांचा हयातीचा दाखला" असं लिहिलंय, खाली सात रंगांचे सात टॅग, आणि तारखेची जागा रिकामी. आता एकेक टॅग उचला. "पेन्शन" हा शब्द शोधायच्या चौकटीत टाकायची वेळ कधी आली असती? दाखल्याची आठवण झाल्यावरच. आणि आठवण झाली असती तर टॅगची गरजच नव्हती, "हयात" एवढं टाइप केलं तरी काम समोर आलं असतं. "कागदपत्रं": आज दुपारी बसून घरातली सगळी कागदपत्रांची कामं करते, असं तुम्ही दीड वर्षात एकदा तरी ठरवलंत का? "घर": तुमच्या यादीत या टॅगखाली ८८ कामं आहेत. ८८ कामं ज्याच्याखाली येतात तो टॅग काहीच वेगळं काढून देत नाही. "महत्त्वाचं" खाली ५७. "नोव्हेंबर" हा टॅग १ नोव्हेंबरला स्वतःहून वाजत नाही. तो तुम्ही उघडाल तेव्हाच बोलणार, आणि नोव्हेंबर लागला की नोव्हेंबरचा टॅग उघडायचा हे लक्षात ठेवणं म्हणजे पुन्हा तेच ओझं डोक्यावर. "बँक" या टॅगने तर चूकच केली. त्याने हे काम बँकेत जायच्या कामांत नेऊन बसवलं, आणि आबांना रिक्षात घालून बँकेत न्यायला मोकळा दिवस मिळेना, म्हणून ते पुढे पुढे गेलं असणार. हा दाखला घरबसल्या देता येतो. जीवन प्रमाण ही त्यासाठीची सरकारी ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून बोटाच्या ठशाचं यंत्रही लागत नाही. फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेसआरडी ही दोन ॲप घेतली की कॅमेऱ्यात चेहरा दाखवून होतं. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक), आधार, खातं नंबर आणि ओटीपी येईल तो मोबाइल एवढं जवळ ठेवायचं. खरं म्हणजे हे काम रविवारी सकाळी आबांच्या शेजारी चहा घेत बसल्यावर करायचं होतं.

राहिला "आबा". सातांमधला हा एकच टॅग कामाचा होता. पण त्याच्याखाली ३१ कामं होती, आणि त्यांत चष्म्याची काडी, दाढीचं ब्लेड, नातेवाइकांना पाठवायचा फोटो असं सगळं होतं.

म्हणजे बघा, सातही टॅग खरे होते. त्यांतला एकही खोटा नव्हता. ते काम *कशाबद्दल* आहे हे प्रत्येक टॅग सांगत होता. ते काम *कधी हातात येईल* हे मात्र एकही सांगत नव्हता. तुमच्या ६४ टॅगांचं दुखणं मला इथेच दिसतं.

मी स्वतः बत्तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात तालिकीकरणाचं काम केलं, म्हणजे पुस्तकांच्या कॅटलॉगचं. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी फोनचा नाही, फार जुना आहे. आपल्याच गावातला आहे. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी तुम्ही येताजाता बघत असाल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. ते १९१३ पर्यंत इथे होते, आणि ड्यूई आणि कटर या अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरण-पद्धत बसवली. ती का लागली? कारण पुस्तक एक आणि जागाही एकच. बडोद्याच्या दरबारी गायकांवरचं पुस्तक संगीताच्या कपाटात ठेवायचं की बडोद्याच्या इतिहासाच्या? दोन्हीकडे ठेवता येत नाही. मग आम्ही काय करायचो, तर पुस्तक एका कपाटात ठेवायचो आणि त्याची कार्डं चार करायचो: एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक संगीत, एक बडोदा. तीन इंच बाय पाच इंचांची ती कार्डं, खाली मधोमध भोक, त्यातून पितळी सळई गेलेली, म्हणजे खणातून कुणी उपसून नेऊ नये. वाचक कुठल्याही कार्डावरून आला तरी त्याच कपाटापाशी पोहोचायचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. प्रोजेक्ट म्हणजे कपाट, टॅग म्हणजे कार्ड. काम एकाच कपाटात राहतं: ऑफिस, घर, मंडळ, मुलीची दहावी. ही तुमची चार कपाटं झाली, पाचवं फार तर जुन्या घराच्या दुरुस्तीचं. "हे काम कशाचं आहे" याचं उत्तर कपाटाने देऊन टाकलं, आता तेच पुन्हा टॅगमध्ये सांगायचं नाही. तुमच्याकडे "मंडळ" नावाचा प्रोजेक्ट आहे आणि त्यातल्या प्रत्येक कामाला "गणपती", "मंडळ-हिशोब" आणि "वर्गणी" असे टॅगही आहेत. ते तिन्ही काढा.

कार्ड करताना आमच्या जुन्या ग्रंथपाल बाई एक गोष्ट नव्या मुलींना पहिल्या दिवशीच शिकवायच्या. पुस्तक हातात आहे तेव्हा तुम्ही विचार करता तो ठेवणाऱ्याचा विचार. वाचक दारात उभा राहून विचारतो तो शोधणाऱ्याचा. कार्ड शोधणाऱ्यासाठी लिहायचं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं हेच आहे: वाचकाचा वेळ वाचवा. तुमच्या बाबतीत ठेवणारी आणि शोधणारी एकच बाई आहे, म्हणून हा फरक लक्षात येत नाही. पण त्या दोघी वेगळ्या आहेत. ठेवणारी रात्री दहा वाजता स्वयंपाकघर आवरून निवांत बसलेली असते, तिला सात टॅग सुचतात. शोधणारी दुपारी सव्वा वाजता मकरपुऱ्याला डबा उघडून बसलेली असते, हातात वीस मिनिटं, आणि तिला एवढंच कळायला हवं असतं की इथून, आत्ता, या फोनवरून काय उरकता येईल.

म्हणून प्रत्येक टॅगला एक वाक्य पूर्ण करायला लावा: "मी जेव्हा ... असेन, तेव्हा हा टॅग उघडेन." गाळलेली जागा भरता आली तर टॅग ठेवा. नाही भरता आली, तर तो कितीही सुंदर असला तरी नको.

या चाळणीतून मी तुमची यादी काढून बघितली. "फोन" राहतो: मी जेव्हा डबा खाऊन बसलेली असेन आणि दुकानं, दवाखाने उघडे असतील. "सिटीत" हा तुमच्या यादीत नाही, पण हवा. तुमच्याकडे "खरेदी", "टेलर", "झेरॉक्स", "भांडी", "मंगळबाजार", "खंडेराव मार्केट" असे सहा आहेत. या सहाही ठिकाणी तुम्ही एकाच फेरीत जाता. चार दरवाजाच्या आत, जुन्या शहरात, एकदा गाडी घातली की पुन्हा त्याच आठवड्यात घालावीशी वाटत नाही हे मी तुम्हाला काय सांगावं. मग साडीला फॉल लावायला टाकायचा, कुकरची शिट्टी बदलायची, मुलीची गाइडं आणायची हे सगळं "सिटीत". आणि अलकापुरी, स्टेशन, सयाजीगंजकडची जी कामं आहेत, ती "नदीपलीकडे". विश्वामित्री ओलांडायची की नाही, एवढाच प्रश्न असतो खरा. दुकानाच्या नावाचे टॅग नकोत, फेरीच्या नावाचे हवेत.

"लॅपटॉप" राहू द्या. तुम्ही टॅली आणि जीएसटी पोर्टलची कामं फोनवर करत नाही. "घर" जातो, "ऑफिस" जातो, ती कपाटं झाली.

माणसांच्या नावाचे टॅग मला फार उपयोगी वाटतात, आणि लोक नेमके तेच वापरत नाहीत. तुमच्याकडे "आबा" आहे, पण त्याचा अर्थ "आबांसंबंधी" असा झालाय. तो बदलून "आबांसोबत" करा. आबा समोर बसलेले असताना, त्यांना विचारून किंवा त्यांना दाखवूनच जे होईल, तेवढंच त्यात. चष्म्याची काडी "सिटीत" जाईल, ब्लेड वाण्याच्या यादीत जाईल, आणि ३१ ची सहा-सात उरतील. त्यात हयातीचा दाखला असेल, आणि रविवारच्या चहाला तो दिसेल. तसाच एक "सीए" टॅग करा. ऑफिसचे सीए महिन्यातून दोनदा येतात असं तुमच्या नोंदींवरून दिसतं. ते खुर्चीवर बसले की त्यांच्यासमोर तुमचे सगळे प्रश्न एका बोटाच्या अंतरावर हवेत. मिस्टरांच्या नावाचाही एक टॅग करा. त्याबद्दल खाली बोलते.

आता एका टॅगबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्याकडे तो नाही आणि माझ्या मते तुमची निम्मी काळजी त्यात मावेल. त्याला "वाट" म्हणा. जे काम तुम्ही तुमच्या बाजूने करून टाकलंय आणि आता चेंडू दुसऱ्याच्या हातात आहे, ते "वाट". गवंड्याने अंदाजपत्रक द्यायचंय. शाळेने बोनाफाइड द्यायचंय. मंडळाच्या मांडववाल्याने पावती द्यायचीय. आज ही सगळी कामं तुमच्या यादीत इतर कामांसारखीच उघडी पडलेली आहेत, आणि रोज सकाळी यादी बघितली की ती "अजून राहिलंय" म्हणून टोचतात. पण ती तुमच्याकडून राहिलेली नाहीत. त्यांना "वाट" लावा आणि कामाच्या नावातच लिहा: "गवंडी, अंदाजपत्रक, १२ तारखेला मागितलं". तारीख नावातच हवी, कारण आठ दिवसांनी फोन करताना "अहो, मी बारा तारखेला बोलले होते" असं म्हणता आलं की समोरच्याचा सूर बदलतो. "वाट" आठवड्यातून एकदाच उघडायचा. अमेरिकेतल्या डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली कामं आवरायची जी पद्धत मांडली, तिच्यात असा कप्पा आहे, आणि फोन, संगणक, बाहेरची कामं असे प्रसंगानुसार गट पाडायची कल्पनाही तिथूनच लोकप्रिय झाली. आज बहुतेक ॲपमधले टॅग त्याच वळणावर गेलेत.

शेवटचा एक टॅग थकव्याचा. तुम्ही "सोपं", "मध्यम", "कठीण" असे तीन केलेत. तीन नकोत. एकच करा, "थकल्यावर". रात्री साडेनऊला डोकं चालत नसताना जे होऊ शकतं ते: फोटो निवडणं, बिलांची चवड लावणं, जुने मेसेज पुसणं. बाकीची कामं ताज्या डोक्याचीच समजायची, त्यांना वेगळा टॅग कशाला?

मोजा: फोन, सिटीत, नदीपलीकडे, लॅपटॉप, आबांसोबत, सीए, मिस्टर, वाट, थकल्यावर. नऊ. किती असावेत या प्रश्नाला मी आकडा सांगणार नव्हते, पण माझा स्वतःचा अनुभव असा की जेवढे टॅग यादी न उघडता पाठ म्हणता येतात तेवढेच वापरले जातात. आणि एका कामाला एक टॅग पुष्कळ झाला, क्वचित दोन. तिसरा लावावासा वाटला तर थांबून बघा, तो बहुधा ठेवणारीचा असतो.

तारखांचं मात्र निराळं आहे. तुमच्या यादीत "७ तारीख", "११ तारीख", "२० तारीख" असे टॅग दिसले आणि ते कशाचे हे लगेच कळलं: टीडीएस भरणं, आणि जीएसटीची दोन विवरणपत्रं, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी. हे टॅग नाहीत, ही मुदत आहे. मुदत तारखेच्या जागीच जाते आणि दर महिन्याला आपोआप फिरून येईल अशी लावायची. मी तर दोन कामं करते: एक मुदतीचं आणि एक त्याच्या पाच दिवस आधीचं, "बिलं जुळवायला घेणे". आबांच्या दाखल्याला आजच "दर वर्षी १ नोव्हेंबर" लावून टाका. मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत असते, म्हणजे हातात चार रविवार येतील. दोन वर्षांनी आबा ऐंशीचे झाले की ती तारीख १ ऑक्टोबर करा, ऐंशीच्या पुढच्यांना महिनाभर आधीपासून दाखला देता येतो. "महत्त्वाचं" हाही टॅग नको. ॲपमध्ये त्यासाठी झेंडा आहेच, आणि एका दिवशी दोन-तीन कामांपलीकडे तो लावू नका.

आता एक अशी गोष्ट जी मराठीत यादी करणाऱ्यांनाच भोवते. तुमच्या यादीत "बँक" दोनदा आहे. नीट बघा. एक तुम्ही चंद्रबिंदू देऊन लिहिलाय, "बँक". दुसरा अर्धचंद्र आणि वर अनुस्वार देऊन, "बॅंक". डोळ्याला दोन्ही एकच, फोनला मात्र ते दोन वेगळे शब्द. एकाखाली अकरा कामं, दुसऱ्याखाली चार, आणि तुम्ही जो उघडाल त्यातलीच दिसणार. मला हे इतक्या लवकर दिसलं याचं कारण मी स्वतः यात सापडले आहे. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी टॅग उघडून बँकेत गेले, त्यातली तिन्ही कामं करून आले. व्याजावर कर कापू नका असं सांगणारा १५एच फॉर्म द्यायचा होता तो दुसऱ्या "बॅंक" खाली होता. तो राहिला, ठेवींच्या व्याजातून टीडीएस कापला गेला, आणि रिटर्न भरून परतावा येईपर्यंत वर्ष गेलं. पैसे परत आले, पण आईच्या औषधांचा महिन्याचा मेळ मी त्या व्याजावर घातला होता. ग्रंथालयात आम्ही प्रमाण शब्दांची वही ठेवायचो, आणि नवं विषयकार्ड लिहिण्याआधी ती उघडायचीच असा नियम होता. ती शिस्त मी फोनवर विसरले होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून नवा टॅग हाताने पूर्ण टाइप करू नका. पहिलं अक्षर टाकलं की ॲप जुने टॅग सुचवतं, त्यातूनच निवडा. सुचवणीत आला नाही तर तो नवा जन्मतोय हे ओळखा आणि थांबा. लिपीही एकच धरा. तुमच्याकडे "फोन", "कॉल" आणि रोमन अक्षरांतला तिसरा असे एकाच गोष्टीचे तीन टॅग आहेत, कारण ऑफिसच्या संगणकावर तुम्ही एका लिपीत लिहिता आणि फोनवर दुसऱ्या. तुम्ही कामं मराठीत लिहिता, तर टॅगही मराठीत ठेवा, छोटे, एका शब्दाचे, आणि शक्यतो जोडाक्षर-अनुस्वाराचा घोळ नसलेले. "फोन", "वाट", "सिटीत" यांत चुकायला जागाच नाही. मधे मोकळी जागा लागणारे टॅगही टाळा, टाइप करून लावताना मधल्या जागेपाशी टॅग तुटतो.

सगळं पुसून सुरू करू का? नको. जुनी यादी पुसायचा मोह मला कळतो, पण त्या २०० च्या वर कामांमध्ये तुमच्या घराचं दीड वर्ष आहे. त्याऐवजी टॅगची यादी उघडा. टूडूइस्टमध्ये टॅगचं नाव बदललं की तो जिथे जिथे लावलाय तिथे सगळीकडे बदलतं, आणि टॅग पुसला तरी काम पुसलं जात नाही, फक्त चिठ्ठी निघते. त्यामुळे भीती नको. आधी जुळी भावंडं शोधून एकत्र करा. मग वरच्या चाळणीत न बसणारे काढून टाका. एका बैठकीत सगळे नाही काढवले तरी चालेल. ज्याच्याबद्दल जीव अडकेल त्याच्या नावापुढे "जुना" असं लिहून ठेवा आणि महिनाभराने बघा तो एकदा तरी उघडलात का. आणि इथून पुढे काम सुचलं की नुसतं लिहून टाका, इनबॉक्समध्ये, टॅग न लावता. टॅग लावायचे दिवसातून एकदा, सगळ्यांना मिळून पाच मिनिटांत. ज्या कामांना टॅगच नाही अशी कामं वेगळी दाखवणारा फिल्टर करता येतो, तो एकदा करून ठेवा म्हणजे काही सुटणार नाही.

ॲप बदलायचा विचार तुमच्या पत्रात नाही, आणि बदलूही नका. गूगल टास्क्समध्ये टॅग नाहीतच, ॲपलच्या रिमाइंडर्समध्ये ते २०२१ पासून आले. पण ६४ टॅगांचा गुंता तुम्ही जिथे जाल तिथे बरोबर येईल.

आता मिस्टरांच्या वाक्याबद्दल. "याद्या सजवत बसतेस" हे ऐकून तुम्हाला अपराधी वाटलं असणार, म्हणून तुम्ही ते मला लिहिलंत. मी तुमची यादी तासभर बघितली आहे. तिच्यात आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, मुलीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या आहेत, घराच्या मागच्या भिंतीची ओल आहे, मिस्टरांच्या गाडीचा विमा आहे, नणंदेच्या मुलाच्या मुंजीचा आहेर आहे. चौसष्ट टॅग हा सजवायचा नाद नाही. एका माणसाच्या डोक्यात चार माणसांचं घर साठवायचा तो प्रयत्न आहे. हे तुम्ही त्यांना शब्दांनी सांगू नका, दाखवा. टॅग बसले की "मिस्टर" टॅग उघडा आणि फोन त्यांच्या हातात द्या. गाडीचा विमा, गवंड्याशी भावाची बोलणी, हालोलहून येताना वाटेत होणारी कामं. टूडूइस्टमध्ये प्रोजेक्ट दुसऱ्याबरोबर वाटून घेता येतो आणि त्यातलं काम त्यांच्या नावावर टाकता येतं. घराच्या दुरुस्तीचा प्रोजेक्ट तसा वाटून घ्या. त्यांच्या नावावर गेलेल्या कामाची आठवण त्यांच्या फोनवर वाजेल, तुमच्या नाही. पहिल्या महिन्यात दोन-तीन कामं राहतील. राहू द्या. मधे पडून ती स्वतः उरकलीत तर ती कायमची तुमच्याकडे परत येतील.

आणि आबांचं. दाखला आता दिला असेलच, आणि तो पोहोचला की अडकलेली रक्कमही थकबाकी म्हणून मिळते. पण या रविवारी त्यांच्याजवळ बसाल तेव्हा "आबांसोबत" ही यादी त्यांनाच वाचून दाखवा. रेल्वेत नोकरी केलेला माणूस आहे, वेळापत्रकाची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जाणतो. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला आठवण करून द्यायचं काम त्यांच्याकडेच सोपवा.

ता. क. चं उत्तर: पूर्ण झालेल्या कामांना टॅग लावू नका. ती शोधायला कुणी येणार नाही.